मणक्यातील स्टेरॉइड इंजेक्शनची तयारी कशी करावी

पाठीच्या कण्यात इंजेक्शन घ्यायचे ठरले की बहुतेकांना आधी सुईची धास्ती वाटते. ती किती लांब असेल, किती दुखेल, चुकून भलतीकडे गेली तर काय होईल, असे प्रश्न रात्री झोप लागू देत नाहीत. प्रत्यक्षात सुईचा भाग साधारण १५ ते ३० मिनिटांत आटोपतो आणि त्या वेळात रुग्णाला स्वस्थ पडून राहण्यापलीकडे फारसे काही करायचे नसते. रुग्णाच्या हातात असते ती त्याआधीच्या पंधरवड्यातली तयारी. ठरलेले इंजेक्शन ऐनवेळी पुढे ढकलावे लागते ते बहुधा रक्त पातळ करणारी गोळी चालू राहिल्यामुळे, साखर फार वाढल्यामुळे किंवा अंगात कुठेतरी संसर्ग निघाल्यामुळे, आणि या तिन्ही गोष्टींचा विचार तारीख ठरते त्याच दिवशी सुरू व्हायला हवा.

इंजेक्शन कुठे आणि कशासाठी

मज्जारज्जू आणि त्याखालच्या नसा यांच्याभोवती एक चिवट आवरण असते. त्या आवरणाच्या बाहेर, पण कण्याच्या पोकळीच्या आतच, चरबीने आणि बारीक शिरांनी भरलेली जी चिंचोळी जागा असते तिला एपिड्युरल जागा म्हणतात, आणि स्टेरॉइड बहुतेक वेळा तिथेच सोडले जाते. तिथे पोहोचण्याच्या वाटा तीन आहेत. पहिली दोन मणक्यांच्या कमानींमधून सरळ मागून, दुसरी नस ज्या छिद्रातून कण्याबाहेर पडते तिथून तिरकी, आणि तिसरी माकडहाडाच्या किंचित वर असलेल्या फटीतून खालून वर जाणारी. मणक्यांच्या मागच्या लहान फॅसेट सांध्यांत किंवा कमरेच्या तळाशी असलेल्या सेक्रोइलियाक सांध्यात दिले जाणारे इंजेक्शन वेगळे असते, जरी बोलताना सगळ्यांनाच ‘मणक्यातले इंजेक्शन’ म्हटले जात असले तरी. म्हणून आपल्याला नेमके कोणते, कितव्या मणक्यापाशी आणि कोणत्या बाजूला दिले जाणार आहे हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पुढच्या सगळ्या सूचना त्यावर अवलंबून असतात.

स्टेरॉइडचे काम सूज उतरवण्याचे. दोन मणक्यांमधली चकती सरकून नसेच्या मुळाशी जी सूज आणि जळजळ होते ती त्याने कमी होते, मात्र सरकलेली चकती त्याने जागेवर जात नाही. त्यामुळे ज्यांची कळ कमरेतून निघून नितंब, मांडी, पोटरी असा प्रवास करत पावलापर्यंत उतरते, म्हणजे ज्याला आपण सायटिका म्हणतो, त्यांना या उपायाचा गुण येण्याची शक्यता अधिक असते. नुसती कंबर दुखत असेल आणि पायात काहीच उतरत नसेल, तर अपेक्षा बेताची ठेवावी. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात केवळ कंबरदुखीसाठी मणक्यातील इंजेक्शने देऊ नयेत असे म्हटले असून, तीव्र आणि अलीकडे सुरू झालेल्या सायटिकासाठी मात्र एपिड्युरल इंजेक्शनचा विचार करण्यास वाव ठेवला आहे. कण्याची पोकळीच अरुंद झालेल्या ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्टेरॉइड व बधिर करणारे औषध एकत्र दिल्याने निव्वळ बधिर करणाऱ्या औषधापेक्षा फारसा जास्त फायदा दिसला नव्हता. हे सांगण्याचा हेतू कुणाला परावृत्त करण्याचा नाही. आपले दुखणे यांपैकी कोणत्या गटात मोडते हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नये, एवढाच आहे. सरकलेल्या चकतीचे दुखणे अनेकांच्या बाबतीत सहा ते बारा आठवड्यांत आपोआप बरेच ओसरते, हेही त्या वेळी ध्यानात असावे.

औषधांची यादी

माझ्या मते सगळ्या तयारीत याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही, आणि नेमका इथेच सर्वाधिक हलगर्जीपणा होतो. ‘बीपीची एक पांढरी गोळी आणि एक रक्त पातळ करायची’ अशी माहिती डॉक्टरांच्या काहीच उपयोगाची नसते. घरातील सगळी पाकिटे टेबलावर मांडून प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा आणि कशासाठी, हे एका कागदावर उतरवावे. काढे, चूर्णे, जीवनसत्त्वे, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसूण किंवा जिंकोच्या गोळ्या यांनाही त्या कागदावर जागा द्यावी, कारण यांतील काहींचा रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांविषयी इतकी काळजी घेण्याचे कारण शरीररचनेत आहे. हाताच्या शिरेतून थोडे रक्त झिरपले तर निळसर डाग पडतो आणि विषय संपतो. कण्याच्या पोकळीत मात्र चहूबाजूंनी हाड असल्याने साचलेल्या रक्ताला पसरायला वाव नसतो. तो गोळा नसांवर दाब देतो आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. असे क्वचितच घडते, पण घडले तर हाताशी असलेला वेळ तासांत मोजावा लागतो. म्हणूनच क्लोपिडोग्रेल साधारण ७ दिवस आणि वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवण्याची पद्धत आहे, आणि वॉरफरिन थांबवल्यानंतरही आयएनआर ही तपासणी करून रक्त पुन्हा नीट गोठू लागले आहे याची खात्री करून घेतली जाते. रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन, डाबिगॅट्रान या नव्या गोळ्यांचा काळ त्याहून कमी असतो, परंतु मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर तोही वाढतो. कमी मात्रेतील ॲस्पिरिनबद्दल सगळीकडे एकच धोरण नाही. इंजेक्शनची वाट आणि रुग्णाची जोखीम पाहून ते ठरते.

हे आकडे वाचून कोणीही स्वतःहून गोळी बंद करू नये. ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, कृत्रिम झडप आहे, ज्यांना पक्षाघात होऊन गेला आहे किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, त्यांच्यासाठी ती गोळी थांबवणे हे इंजेक्शनच्या जोखमीपेक्षा कितीतरी मोठे संकट ठरू शकते. गोळी थांबवायची की नाही, किती दिवस, मधल्या काळात दुसरे काही द्यायचे का, आणि इंजेक्शननंतर ती कधी पुन्हा सुरू करायची, हे ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांनी आणि इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवायचे असते. दोघांचे बोलणे झाले आहे असे गृहीत धरू नये. एकाची चिठ्ठी दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे काम रुग्णाने किंवा घरच्यांनी अंगावर घ्यावे. पुन्हा सुरू करण्याची तारीखही कागदावर असावी, कारण थांबवलेली गोळी सुरू करायचे विसरणे ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांबाबत आपल्या केंद्राची सूचना विचारून घ्यावी. पॅरासिटॅमॉलचा रक्त गोठण्यावर सहसा असा परिणाम होत नाही, त्यामुळे मधल्या दिवसांत बहुधा तेच सुचवले जाते. मात्र वेदना नेमकी कुठून येते हे शोधण्याचाही इंजेक्शनचा हेतू असेल, तर त्या दिवशी सकाळी कोणतीच वेदनाशामक गोळी घेऊ नका असे सांगितले जाऊ शकते. एचआयव्हीवरील उपचारात रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट घेणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावे. या औषधांमुळे ट्रायॅम्सिनोलोनसारखे स्टेरॉइड शरीरात फार काळ रेंगाळते आणि चेहरा सुजण्यापासून साखर वाढण्यापर्यंतचे दुष्परिणाम एका इंजेक्शननेही उद्भवू शकतात. ही माहिती सांगण्याचा संकोच वाटत असेल तर खासगीत बोलण्याची वेळ मागून घ्यावी, पण ती दडवू नये.

मधुमेह असेल तर

स्टेरॉइड कण्यापाशी दिले तरी त्यातील काही भाग रक्तात मिसळतोच, आणि साखर वाढते. ही वाढ पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असते व बहुतेकांमध्ये काही दिवसांत, फार तर आठवड्याभरात, ओसरते. इंजेक्शनच्या आधीच साखर आटोक्याबाहेर असेल तर संसर्गाचा धोकाही वाढतो, म्हणून एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी अलीकडे झाली नसेल तर ती करून घ्यावी आणि जास्त निघाल्यास काही आठवडे थांबण्याची तयारी ठेवावी. घरी साखर मोजण्याचे यंत्र आणि पुरेशा पट्ट्या आधीच आणून ठेवाव्यात. इंजेक्शननंतर किती दिवस आणि दिवसातून किती वेळा मोजायचे, कोणत्या आकड्याला फोन करायचा, इन्सुलिन वाढवायचे झाल्यास किती, हे आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावे, कारण रात्री अकराला तीनशेच्या पुढचा आकडा दिसल्यावर हे प्रश्न विचारायला कोणी सापडत नाही.

उपाशी राहायचे असल्यास सकाळच्या गोळ्यांचे काय करायचे हाही स्वतंत्र प्रश्न आहे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या उपाशीपोटी रक्तातील आम्ल वाढवू शकतात, तर आठवड्यातून एकदा टोचायच्या, भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांमुळे पोट रिकामे व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागतो. गुंगीचे औषध देणार असतील तर दोन्हींची माहिती भूलतज्ज्ञांना असायलाच हवी. मधुमेही रुग्णाने सकाळची पहिली वेळ मागून घेणे सोयीचे ठरते.

संसर्ग, ॲलर्जी, गर्भारपण

ताप, लघवीची जळजळ, दाढेचा गळू, छातीत कफ, पाठीवर टोचायच्या जागी फोड किंवा चिघळलेले पुरळ यांपैकी काही असल्यास, किंवा प्रतिजैविकांचा कोर्स सुरू असल्यास, केंद्राला आधीच कळवावे. किरकोळ आहे म्हणून लपवण्यात अर्थ नाही, कारण स्टेरॉइड त्या भागाची प्रतिकारशक्ती काही काळ दाबते आणि कण्यात शिरलेला जंतू काढणे फार जड जाते. लस घ्यायची असेल तर तिचे आणि इंजेक्शनचे अंतर किती ठेवायचे हे विचारावे.

सुई योग्य जागी आहे हे पाहण्यासाठी क्ष-किरणांचा पडदा वापरतात आणि थोडे रंगद्रव्य सोडतात, म्हणून गर्भारपणाची शंका असली तरी ती सांगणे आवश्यक आहे. त्या रंगद्रव्याची, बधिर करणाऱ्या औषधाची, त्वचा पुसण्याच्या जंतुनाशकाची किंवा हातमोज्यांच्या रबराची पूर्वी ॲलर्जी आली असल्यास तीही सांगावी. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्याला आयोडीनयुक्त रंगद्रव्य चालत नाही हा समज जुना आणि चुकीचा आहे. त्या ॲलर्जीचा आयोडीनशी संबंध नसतो. तरीही सांगून टाकावे, ठरवायचे ते डॉक्टर ठरवतील.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

संमतीपत्र टेबलावर चढण्याच्या आधी पाच मिनिटे हातात पडले तर ते कोणी वाचत नाही. ते आदल्या भेटीतच मागून घरी आणावे. त्यात सहसा लिहिलेले किरकोळ परिणाम म्हणजे टोचलेल्या जागी दोन-तीन दिवस ठणका, चेहरा लाल व गरम होणे, झोप न लागणे, मन अस्वस्थ होणे, रक्तदाब थोडा वाढणे, पाळी मागेपुढे होणे. सुईने आवरणाला छेद गेला तर उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर उतरणारी डोकेदुखी होते. ती त्रासदायक असली तरी तिच्यावर उपाय आहे. गंभीर परिणाम दुर्मीळ आहेत, पण आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये दृष्टी जाणे, पक्षाघात, अर्धांग आणि मृत्यू यांचा उल्लेख करून याविषयी इशारा दिला होता.

या संदर्भात एक प्रश्न जरूर विचारावा, तो म्हणजे कोणते स्टेरॉइड वापरणार. मिथाइलप्रेडनिसोलोन आणि ट्रायॅम्सिनोलोन यांत बारीक कण असतात. ते चुकून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या धमनीत गेले तर तिचा प्रवाह अडवू शकतात. डेक्सामेथासोन पूर्ण विरघळलेले असते. मानेच्या भागात छिद्राच्या वाटेने जाताना कणयुक्त औषध टाळले जाते, आणि कमरेतही त्या वाटेने पहिल्यांदा डेक्सामेथासोन वापरावे असे अनेक तज्ज्ञ मानतात. याचबरोबर सुई क्ष-किरणांखाली पाहून घालणार का, गुंगी देणार का, आणि काही बिघडले तर रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हेही विचारून घ्यावे. ‘तीन इंजेक्शनांचा कोर्स’ आधीच ठरवून दिला जात असेल तर त्यामागचे कारण विचारायला संकोचू नये. पहिल्याचा परिणाम न पाहताच दुसरे-तिसरे घेण्याला भक्कम आधार नाही, आणि वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडचा भार हाडांवर व शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडनिर्मितीवर पडतो, म्हणून वर्षाला तीन-चारच्या पुढे सहसा जात नाहीत.

आदला दिवस आणि तो दिवस

कमरेचा एमआरआय, त्याचा अहवाल आणि चित्रांची सीडी किंवा फिल्म, औषधांचा कागद, रक्ततपासण्या आणि ओळखपत्र एका पिशवीत भरून ठेवावे. गुंगी द्यायची असल्यास हलके अन्न साधारण ६ तास आणि पाणी २ तास आधी थांबवतात. फक्त जागा बधिर करून देणार असतील तर बहुतेकदा हलके खाऊन येण्यास मुभा असते, पण केंद्राने जे सांगितले असेल तेच पाळावे. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या सहसा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, मात्र तेही विचारूनच करावे. सकाळी साबणाने स्वच्छ अंघोळ करावी, पाठीला तेल, मलम किंवा वेदनाशामक पट्टी लावू नये, आणि तिथले केस स्वतः काढू नयेत, कारण वस्तऱ्याने झालेल्या बारीक जखमांतून जंतू शिरतात. कपडे सैल, पुढून उघडणारे असावेत. दागिने घरीच राहू द्यावेत.

सोबत एक जाणते माणूस हवेच. बधिर करणाऱ्या औषधामुळे काही तास पायातले बळ गेल्यासारखे वाटू शकते, त्यामुळे त्या दिवशी स्वतः वाहन चालवता येत नाही आणि जिना चढतानाही आधार लागतो.

टेबलावर पोटाखाली उशी घेऊन पालथे झोपवतात. तसे पडून राहणे पाठदुखीमुळे अशक्य होत असेल, किंवा पालथे झोपल्यावर दम लागत असेल, तर ते आधी सांगावे. घरी दहा-पंधरा मिनिटे तसे झोपून पाहणे ही साधी पण उपयोगी तालीम आहे. त्वचा बधिर करणारी पहिली सुई झोंबते, त्यानंतर मुख्यतः दाब जाणवतो. औषध सोडताना पायातली ओळखीची कळ क्षणभर उमटू शकते. त्या वेळी अंग आखडू नये, हलू नये, फक्त तोंडाने सांगावे. पायात करंट लागल्यासारखी लखलखीत चमक आली तर ती ताबडतोब सांगावी, म्हणजे डॉक्टर सुई मागे घेतात. भीती फार असल्यास पूर्ण गुंगी मागण्याचा मोह होतो, पण बोलता येण्याजोगे जागे असणे हेच इथे सुरक्षेचे एक साधन आहे.

घरी आल्यावर

पहिला दिवस विश्रांतीचा, पण अंथरुणाला खिळून राहण्याचा नव्हे. टोचलेली जागा ठणकत असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा; शेक टाळावा. पोहणे किंवा टबात बसणे एक-दोन दिवस नको. जड वस्तू उचलण्याची घाई करू नये, मात्र दुखणे ओसरू लागले की फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम सुरू करावेत. त्यांची पहिली भेट इंजेक्शनच्या आधीच ठरवून ठेवली तर आराम पडलेले दिवस वाया जात नाहीत.

ताप किंवा थंडी वाजून येणे, टोचलेल्या जागी वाढती सूज वा पू, मान ताठरून होणारी तीव्र डोकेदुखी, पायातले बळ घटत जाणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये, थेट आपत्कालीन विभागात जावे आणि मणक्यात इंजेक्शन कधी घेतले ते पहिल्याच वाक्यात सांगावे. यांतली शेवटची चार लक्षणे इंजेक्शनच्या आधी दिसली, तरीही तारखेची वाट न पाहता तसेच करावे.

आणखी एक काम आदल्या आठवड्यापासूनच सुरू करायचे आहे, ते म्हणजे वेदनेची वही. कमरेतली आणि पायातली वेदना वेगवेगळी धरून, शून्य ते दहा असे आकडे रोज एकाच वेळी लिहावेत. किती मिनिटे चालता आले, किती वेळ बसता आले, रात्री किती वेळा जाग आली, हेही लिहावे. इंजेक्शनच्या दिवशी मात्र तासातासाने नोंद करावी. बधिर करणारे औषध काही तासांत उतरते आणि स्टेरॉइडचा गुण यायला दोन दिवसांपासून क्वचित दोन आठवड्यांपर्यंत लागतात, त्यामुळे मधल्या दिवसांत दुखणे परत उसळले तर उपाय फसला असे समजू नये. पहिल्या चार-सहा तासांत पायाची कळ जवळजवळ नाहीशी झाली असेल, तर औषध दुखऱ्या नसेपर्यंत पोहोचले होते असे डॉक्टर मानतात, मग पुढे आराम टिको वा न टिको. त्या तासांतही काहीच फरक पडला नसेल, तर दुखण्याचे मूळ दुसरीकडे असण्याची शक्यता वाढते, आणि त्याच जागी पुन्हा इंजेक्शन घेण्याआधी निदानच तपासून पाहावे लागते.